आग कोणी लावली? हक्क कोणी जाळले?

(उपासक-उपासिकांच्या मासिक वर्गात दिलेले व्याख्यान)



आज मी आपल्यापुढे जर्मनीतील एका आगीविषयी बोलणार आहे. ही आग १९३३ सालची. ती एका रात्रीत विझली. परंतु तिच्या निमित्ताने काढलेला एक हुकूम बारा वर्षे अंमलात राहिला आणि त्या हुकुमाखाली एका मोठ्या, सुशिक्षित राष्ट्रातील माणसांचे नागरिकत्व नावापुरतेच उरले. आपल्या वर्गाला या परदेशी प्रकरणाचे काय, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल. आरंभी एवढेच सांगतो की, एखादी धक्कादायक राजकीय घटना घडली म्हणजे लोकांत जो संशय उसळतो, त्याची किंमत पुष्कळदा त्या घटनेशी ज्यांचा काडीचाही संबंध नसतो अशा माणसांना मोजावी लागते. आपल्या समाजाने ती मोजलेली आहे.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य मंत्री झाला. त्याच्या पक्षाला लोकसभेत स्वतःचे बहुमत नव्हते. ५ मार्चला निवडणूक व्हावयाची होती. निवडणुकीला सहा दिवस उरले असताना, २७ फेब्रुवारीच्या रात्री नऊच्या सुमारास बर्लिनमधील राइशस्टाग, म्हणजे त्यांच्या लोकसभेची इमारत, पेटली. मुख्य सभागृह जळून खाक झाले. पोलिसांना आत एक तरुण सापडला. अंगात सदरा नव्हता, घामाने निथळत होता. त्याचे नाव मारिनुस व्हान डेर लुब्बे, वय २४, हॉलंडमधील लायडन गावचा गवंडी. कामावर असताना डोळ्यांना इजा होऊन त्याची दृष्टी अधू झाली होती. दोन दिवसांपूर्वी त्याने बर्लिनमध्ये आणखी तीन ठिकाणी आगी लावण्याचा प्रयत्न केला होता. त्याने तत्काळ कबुली दिली, आणि हे कृत्य मी एकट्याने केले असेच तो अखेरपर्यंत सांगत राहिला.

त्याचे सांगणे ऐकून घेण्यास त्या रात्री कोणालाही सवड नव्हती. हिटलरचा सहकारी गोरिंग आगीच्या ठिकाणी आला आणि कसलाही तपास होण्यापूर्वी त्याने जाहीर केले की, हा कम्युनिस्टांचा कट आहे, देशभर उठाव होणार आहे, ही आग त्याची खूण आहे. अटकेच्या याद्या पोलिसांच्या कपाटात आधीपासूनच होत्या. पहाट होण्यापूर्वी धरपकड सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत हजारो माणसे कोठडीत गेली. त्यांत कार्ल फॉन ओसिएट्झ्की नावाचा निर्भीड पत्रकार होता. तो कम्युनिस्ट नव्हता. आगीशी त्याचा संबंध असल्याचे कोणी म्हटलेही नाही. त्याला छळछावणीत टाकले. पुढे १९३५ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले, पण सरकारने ते घेण्यास त्याला देशाबाहेर जाऊ दिले नाही. १९३८ साली पहाऱ्यातच त्याचा अंत झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आगीच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या सहीने एक हुकूम निघाला. ‘जनता व राज्य यांच्या संरक्षणार्थ’ असे त्याचे गोंडस नाव. जर्मन राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली तो काढला होता, म्हणजे कायद्याच्या चौकटीतच. त्याने घटनेतील सात कलमे स्थगित केली. व्यक्तिस्वातंत्र्य, घराची अभेद्यता, टपालाची गुप्तता, भाषण व मुद्रण, सभा, संघटना, मालमत्ता. या प्रत्येकाला घटनेत एक कलम होते. ती सारी एका सहीने गेली. हुकुमात म्हटले होते की, ही स्थगिती पुढील हुकूम होईपर्यंत आहे. तो पुढील हुकूम कधीच निघाला नाही. १९४५ साली राजवटच कोसळली, तेव्हा ही स्थगिती संपली.

निवडणूक ठरल्याप्रमाणे ५ मार्चला झाली. एवढी दहशत असूनही हिटलरच्या पक्षाला ४३.९ टक्केच मते पडली. तेव्हा कम्युनिस्टांच्या ८१ जागा रद्द करण्यात आल्या आणि २३ मार्चला, लोकसभेला न विचारता कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधात मत देण्याचे धैर्य एका सोशल डेमोक्रॅट पक्षाने दाखविले. आग लागल्यापासून हे सारे घडण्यास एक महिनाही लागला नाही.

आता लोक काय बोलत होते ते पाहू. जर्मनीत सरकारची कंडी अशी की, कम्युनिस्टांनी आग लावली. जर्मनीबाहेर उलट बोलबाला असा की, नाझींनी स्वतःच आग लावली आणि त्या अर्धवट दृष्टीच्या पोराला पुढे केले. हा दुसरा संशय अगदीच हवेतला नव्हता, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. आगीचा लाभ कोणाला झाला ते उघड्या डोळ्यांना दिसत होते. राइशस्टागपासून गोरिंगच्या सरकारी निवासस्थानापर्यंत वाफेच्या नळांसाठी जमिनीखालून बांधलेला एक बोगदाही खरोखरच होता. आणि एवढी प्रचंड इमारत एका माणसाने काही मिनिटांत पेटवावी, हे पटणे कठीण होते. मनुष्याच्या मनाची ठेवणच अशी आहे की, कार्य मोठे दिसले म्हणजे कारणही तेवढेच मोठे असले पाहिजे असे त्याला वाटते. राष्ट्राची दैना व्हावी आणि तिच्या मुळाशी एका बेकार गवंड्याची काडेपेटी असावी, हे त्याला सहन होत नाही.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये विली मुन्झेनबर्ग नावाच्या जर्मन कम्युनिस्ट पुढाऱ्याच्या पुढाकाराने एक पुस्तक निघाले. ‘ब्राऊन बुक’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. बोगद्यातून हिटलरचे स्वयंसेवक आले आणि त्यांनी आग लावली, असे त्यात सांगितले होते. नाझींच्या अत्याचारांची जी हकिगत त्या पुस्तकात होती, ती जगाला कळणे आवश्यक होते. परंतु आगीसंबंधीचा पुष्कळसा भाग अंदाजाने रचलेला होता आणि काही कागद तर बनावट होते. त्या डच तरुणाच्या चारित्र्यावरही मनाला येईल तसा चिखल उडविण्यात आला. तो जर्मन तुरुंगात साखळदंडात होता. उत्तर देण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते. स्वातंत्र्याच्या बाजूने लढणाऱ्यांनी असे वागावे, ही गोष्ट मला गोरिंगच्या गर्जनेपेक्षा अधिक विचार करावयास लावते. गोरिंगकडून सत्याची अपेक्षा नव्हतीच. पण अत्याचाराचा खराखुरा पुरावा हाती असता त्यात कल्पनेची भेसळ केली, म्हणजे खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो आणि अत्याचार करणाऱ्याला, हे सारेच कुभांड आहे, असे म्हणावयास जागा मिळते.

खटला २१ सप्टेंबर १९३३ रोजी लाइपझिग येथे सुरू झाला. आरोपी पाच. व्हान डेर लुब्बे, जर्मन कम्युनिस्ट पुढारी टॉर्गलर, आणि दिमित्रोव्ह, पोपोव्ह व टानेव्ह हे तीन बल्गेरियन. दिमित्रोव्हने आपला बचाव स्वतःच केला. ४ नोव्हेंबरला गोरिंग साक्षीस उभा राहिला, तेव्हा दिमित्रोव्हने त्याला विचारलेल्या प्रश्नांचा रोख असा होता : आपण मंत्री या नात्याने पहिल्याच रात्री गुन्हेगार कोण ते जाहीर केले, मग आपल्या हाताखालच्या पोलिसांनी दुसऱ्या दिशेने तपास केलाच कसा असता? सरकारच्या खुर्चीतून सोडलेल्या अफवेवर यापेक्षा नेमका प्रश्न मला माहीत नाही. गोरिंगचा तोल सुटला. तो भर कोर्टात शिवीगाळीवर आणि धमकीवर आला. अखेर २३ डिसेंबरला पुराव्याअभावी चौघे सुटले. मात्र निकालपत्रात, कट कम्युनिस्टांचाच होता, हे वाक्य ठेवावयास न्यायाधीश चुकले नाहीत! एवढीशी न्यायबुद्धीही हिटलरला मानवली नाही. पुढच्याच वर्षी त्याने राजद्रोहाच्या खटल्यांसाठी स्वतःच्या विश्वासातले वेगळे न्यायालय उभे केले.

व्हान डेर लुब्बेला फाशीची शिक्षा झाली आणि १० जानेवारी १९३४ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. आगीच्या दिवशी त्या गुन्ह्याला मृत्युदंड नव्हताच. २९ मार्च १९३३ रोजी एक कायदा करून ती शिक्षा मागील तारखेपासून लागू करण्यात आली. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. हाच दिमित्रोव्ह पुढे बल्गेरियाचा पंतप्रधान झाला. त्याच्या कारकिर्दीत, १९४७ साली, निकोला पेटकोव्ह या विरोधी पुढाऱ्यावर सत्ता उलथविण्याचा कट केल्याचा आरोप ठेवून खटल्याचा देखावा करण्यात आला आणि त्याला फाशी देण्यात आले. लाइपझिगच्या पिंजऱ्यात उभा राहून पुराव्याची मागणी करणारा पुरुष सत्तेवर बसल्यावर ती मागणी विसरला.

मग खरोखर आग लावली कोणी? १९५९-६० साली फ्रिट्झ टोबियास या जर्मन संशोधकाने ‘डेर श्पीगेल’ या साप्ताहिकात लेखमाला लिहिली व १९६२ साली ग्रंथ प्रसिद्ध करून असे प्रतिपादले की, लुब्बेने हे एकट्यानेच केले. पुष्कळ इतिहासकारांनी ते मान्य केले. २०१४ साली बेंजामिन हेट या इतिहासकाराने त्यावर गंभीर आक्षेप घेतले. २०१९ साली हिटलरच्या दलातील एका जुन्या स्वयंसेवकाचे १९५५ सालचे प्रतिज्ञापत्र उजेडात आले. आपण लुब्बेला राइशस्टागपाशी नेऊन सोडले तेव्हा तेथे आधीच धूर येत होता, असे त्यात म्हटले आहे. वाद आजही मिटलेला नाही. मात्र त्या हुकुमावर सही कोणी केली, याबद्दल कधीच वाद नव्हता. तो कागद सर्वांसमोर होता, राजपत्रात छापलेला होता. लोक बोगद्याविषयी बोलत राहिले आणि कागद आपले काम करीत राहिला.

बंधुभगिनींनो, आता आपण आपल्या घरी येऊ. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळे सार्वजनिक होते. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली ठराव केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. आपले लोक शांतपणे मंडपाकडे परतले. इतक्यात गावात कंडी पिकली की, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. असा बेत मुळीच नव्हता, आणि बाबासाहेबांनी तो नसल्याचे स्पष्ट सांगितले. पण लाठ्या घेतलेल्या लोकांना खुलासा नको होता. मंडपात जेवत असलेल्या, गावात एकट्यादुकट्या सापडलेल्या आपल्या माणसांना त्यांनी झोडपले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही. कायद्याच्या मार्गाने दाद मागितली.

त्यानंतर काय झाले ते बारकाईने पाहा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तळे खुले करणारा आपला ठराव मागे घेतला. देवळाविषयीची वावडी दोन तासांत खोटी ठरण्यासारखी होती. परंतु तिच्या गोंधळात पाण्याचा हक्क कागदावरून पुसला गेला. तो कोर्टातून परत मिळविण्यास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला, जेव्हा मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. बर्लिन कोठे आणि महाड कोठे! तेथे लोकसभा जळली होती, येथे तर एक चिरादेखील हलला नव्हता. परंतु दोन्ही ठिकाणी आधी संशय, मग मार, मग ठराव, असाच क्रम दिसतो.

भगवंताच्या काळीही असा प्रसंग घडला, तो आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. श्रावस्तीत संघाचा वाढता मान पाहून काही तीर्थिकांनी सुंदरी नावाच्या परिव्राजिकेला मारेकऱ्यांकडून मारविले, तिचे प्रेत जेतवनात पुरविले, मग स्वतःच ते उकरून काढून शाक्यपुत्रांनी हा खून केला म्हणून नगरभर आक्रोश केला. लोक भिक्षूंना शिव्या देऊ लागले. भगवंताने भिक्षूंना सांगितले की, हा गलबला सात दिवसांपलीकडे टिकणार नाही. राजाने हेर लावले आणि दारूच्या नशेत आपसांत भांडणारे मारेकरी सापडले. या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, खुनाचा आळ एका भिक्षूवर नव्हे, अवघ्या संघावर घेतला होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी पॅरिसमध्ये एका १७ वर्षांच्या ज्यू मुलाने जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली, तेव्हाही हेच झाले. तो अधिकारी ९ तारखेला मेला आणि त्याच रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटविण्यात आली, दुकाने फोडण्यात आली. वर साऱ्या ज्यू समाजाला शंभर कोटी मार्कांचा दंड ठोठावण्यात आला. गोळी एकाची आणि दंड सर्वांना!

याचा अर्थ असा नव्हे की, आपण सरकारवर किंवा कोणावर शंकाच घेऊ नये. कालामांनी शंका विचारली तेव्हा भगवंताने त्यांना दटावले नाही. शंका येण्याजोगा विषय आहे, तेव्हा शंका येणे योग्यच, असे म्हटले. कट प्रत्यक्षात होतात. सुंदरीचा खून हाही कटच होता. पण तो राजाच्या हेरांनी मारेकरी धरून आणल्यामुळे सिद्ध झाला, श्रावस्तीच्या बाजारातल्या आरडाओरडीने नव्हे. आणि हा नियम आपल्यावरचा आळ झटकताना जितका लागू, तितकाच आपल्या नावडत्या माणसावर आपण आळ घेतो तेव्हाही लागू. या दुसऱ्या बाबतीत आपल्या वस्त्यांतही ढिलाई आहे. मोबाईलवर आलेली चिठ्ठी पुढे ढकलताना ती कोणी लिहिली, कोणी पाहिले, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, हे आपण विचारीत नाही. ती आपल्या मनासारखी असली म्हणजे तर मुळीच नाही.

राज्यघटनेचा मुद्दा राहिला. आपल्या घटनेतील आणीबाणीच्या कलमांवर १९४९ साली घटना समितीत ह. वि. कामत यांनी कडाडून हल्ला चढविला आणि जर्मनीच्या घटनेचे हिटलरने काय केले याची आठवण करून दिली. ती कलमे मसुदा समितीनेच मांडलेली होती आणि बाबासाहेबांनी त्यांचे समर्थन केले होते. आपण ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. नव्या, फाळणीने जखमी झालेल्या राष्ट्रापुढील संकटे त्यांना दिसत होती. परंतु कामतांची भीतीही पोकळ नव्हती. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. दुसऱ्या दिवशी आकाशवाणीवरून पंतप्रधानांनी देशाला जे सांगितले, त्यातही एका खोल व व्यापक कटाचा उल्लेख होता. विरोधी पुढारी रातोरात तुरुंगात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने बहुमताने असा निर्णय दिला की, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला हायकोर्टात दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत नोंदविले. तो निर्णय चुकीचा असल्याचे खुद्द सुप्रीम कोर्टाने २०१७ साली म्हटले.

या अनुभवानंतर १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती झाली. तिने असे ठरविले की, आणीबाणीतही २० आणि २१ ही दोन कलमे स्थगित करता येणार नाहीत. २१ वे कलम जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे. आणि २० वे? कृत्य घडले त्या वेळी जो गुन्हा नव्हता त्याबद्दल कोणाला दोषी ठरविता येणार नाही, आणि त्या वेळच्या कायद्यात होती त्याहून अधिक शिक्षा देता येणार नाही. लाइपझिगला त्या गवंड्याचा जीव ज्या मागील तारखेच्या कायद्याने घेतला, तसा कायदा आपल्या देशात कोणत्याही सरकारला करता येत नाही. जर्मनीने त्याची शिक्षा रद्द केली ती जानेवारी २००८ मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांनी.

म्हणून आपल्या गावी किंवा वस्तीत उद्या काही भयंकर घडले, आणि अमक्यांनी केले अशी हाकाटी उठली, तर प्रथम धरलेल्या माणसांची नावे लिहून घ्या. त्यांना कोणत्या कलमाखाली धरले ते ठाण्यात विचारा. चोवीस तासांच्या आत त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले की नाही, वकिलाला भेटू दिले की नाही, ते पाहा; हा हक्क २२ व्या कलमाने दिलेला आहे. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरले असेल तर याच कलमात अपवाद आहेत, आणि तेथेच आपल्या माणसांची बहुधा फसगत होते. त्या गडबडीत तहसील, पंचायत किंवा नगरपालिका यांनी कोणती नवी नोटीस लावली, कोणती सभा बंद केली, कोणता रस्ता किंवा पाणवठा अडविला, त्याची नक्कल मिळवून जपून ठेवा. महाडचा दावा कागदांवरच जिंकला गेला.

त्या अपवादांचा विचार पुढील वर्गात करू. प्रत्येक कुटुंबाने घटनेची मराठी प्रत बरोबर आणावी, आणि वाचून दाखविण्याचे काम यावेळी भगिनींनी करावे, अशी माझी सूचना आहे.